आयव्हीएफच्या आधी पिशवीतला पॉलिप काढावा का? क्युरेटिंगने भागेल का?

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत १४ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तराची मऊ वाढ, निघालाय, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सुरू करायचंय, आणि सासरचे म्हणतात, "नुसतं क्युरेटिंग (पिशवी खरवडून साफ करणं) करून घे, दुर्बिणीचा खर्च कशाला?" तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

आमच्या वन्सं सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. घरात कुणी शिंकलं तरी गोळी त्याच ठरवतात. मला दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसायला लागले, सोनोग्राफीत पॉलिप दिसला, तेव्हा निकालही त्यांनीच दिला. "काही नाही गं, पिशवी साफ करून घे. आमच्या वेळी सगळ्यांचं असंच करायचे, वर्षाच्या आत बारसं." दुर्बीण म्हणजे कर्वे रोडवरच्या काचेच्या क्लिनिकांनी काढलेला धंदा. आत बघितल्याशिवाय नेमका तोच कसा निघणार, असं मी तेव्हाच विचारलं होतं. "तू डॉक्टर आहेस का?" नवरा पेपरात डोकं घालून बसलेला.

शेवटी पेठेतल्या त्यांच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये क्युरेटिंग झालं. भूल, सलाईन, संध्याकाळी घरी. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये पॉलिपचं नावच नाही, साधं अस्तर. "बघ, नव्हताच!" इति वन्सं. पुढची पाळी संपल्यावर मी कुणाला न विचारता परत सोनोग्राफी केली. स्वारी त्याच भिंतीला, तेवढीच.

क्युरेटिंग म्हणजे अंधाऱ्या खोलीत झाडू मारणं. पॉलिपला बहुधा देठ असतो, तो मऊ असतो, क्युरेट आली की बाजूला सरकतो. कधी वरचा तुकडा निघतो आणि देठ राहतो, कधी काहीच निघत नाही. हिस्टरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने करतात तेव्हा, पिशवीत पाणी भरून फुगवतात, कॅमेऱ्यातून देठ दिसतो, तिथूनच कापतात. माझा तसा काढला, टाका नाही की काही नाही, त्याच दिवशी घरी. पॅथॉलॉजीत या वेळी पॉलिप असं स्पष्ट लिहून आलं. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. हसा हवं तर.

आता तुमचा प्रश्न. आयव्हीएफ सुरू व्हायच्या आधीच दिसलाय ना, मग काढा. पॉलिप गर्भ रुजायच्या जागेवर बसतो, आसपासच्या अस्तराला सूज ठेवतो. माद्रिदच्या डॉक्टरांनी २००५ साली २१५ बायकांचा अभ्यास छापला होता. सगळ्यांना पॉलिप होते, सगळ्यांची आययूआय (वीर्य थेट पिशवीत सोडणं) करायची होती. अर्ध्यांचे काढले, बाकीच्यांचा फक्त तपासणीपुरता तुकडा घेतला. काढलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना दिवस गेले, दुसऱ्या गटात २८. आणि काढलेल्यांमध्ये ज्यांना राहिलं, त्यातल्या ६५ टक्क्यांना पहिल्या आययूआयच्या आधीच! पण हा अभ्यास आययूआयचा आहे. आयव्हीएफसाठी इतका ठाम पुरावा नाही. तरी गर्भ तयार करायला एवढा पैसा आणि एवढी इंजेक्शनं घालायची, आणि सोडायचं कुठे तर पॉलिपच्या शेजारी? मला पटत नाही. काढल्यावर महिनोन्‌महिने थांबायची गरज नसते. एक पाळी आली की सहसा पुढचं सुरू करतात.

इंजेक्शनं चालू असताना मधेच दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा सायकल सोडून देऊ नका. स्त्रीबीजं काढून गर्भ फ्रीझ करता येतात, मग पॉलिप काढून नंतर ट्रान्सफर. हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं नाही तर विचारा.

सोनोग्राफी पाळी संपता संपता करा, साधारण ५व्या ते १०व्या दिवसात. नंतर अस्तर जाड होतं आणि पॉलिप त्यात लपतो, किंवा जाड अस्तरच पॉलिप वाटतं. माझे ते दिवस नेमके गणपतीत आलेले. लक्ष्मी रोड बंद, मी मांडवांच्या गर्दीतून चालत गेले, पण गेले. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. पिशवीच्या टीबीसाठी कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायचं असेल तर थोडा भाग सलाईनमध्ये वेगळा ठेवायला आधी सांगा, फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रवात) टाकला की कल्चर होत नाही. नर्सिंग होममध्ये माझा सगळा नमुना फॉर्मलिनमध्येच गेला होता, तेही वन्संच्या देखरेखीखाली.

त्यांचं एक मात्र खरं आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. सोनोग्राफी स्वच्छ असेल तर आयव्हीएफआधी सरसकट दुर्बीण घालून फायदा होत नाही, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली छापून आलंय. शिवाय एक सेंटिमीटरच्या आतले काही पॉलिप आपोआप जातात. तुमचा १४ आहे, म्हणून मी काढा म्हणते. ६ असता आणि त्रास नसता तर एक-दोन पाळ्या थांबून परत बघा म्हटलं असतं. मला मुलगी झाली, पण पॉलिप काढल्यावर लगेच नाही, त्यामुळे तो काढल्यानेच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही. वन्सं सांगतात. त्यांच्या क्युरेटिंगमुळे झाली म्हणे.

आणि ताई, प्रश्नात तुमच्या मिस्टरांच्या वीर्यतपासणीचा एक शब्द नाही. आयव्हीएफपर्यंत आलात म्हणजे झाली असेलच, पण नसेल तर दुर्बिणीची तारीख घ्यायच्या आधी तो रिपोर्ट काढा. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी झाली, कारण वन्संच्या मते त्यांच्या भावात काही दोष असणं शक्यच नव्हतं. शुक्राणूंचा काउंट कमी निघाला.