सकाळी स्टार्टला तीन सेकंद खळखळ, मग गप्प: टायमिंग चेन गेली का?

तुमची गाडी 2011 ची डिझेल स्विफ्ट, सव्वा लाख किलोमीटर. रोजचं फिरणं म्हापशातल्या म्हापशात. सकाळच्या पहिल्या स्टार्टला खळखळ, मेस्त, म्हणजे मेकॅनिक, म्हणतो चेन गेली, इंजिन उघडूया. आणि तुम्हाला चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) चोर्ला घाटातून बेळगावला खरेदीला जायचंय.

इंजिन लगेच उघडू नका, आणि घाटातही लगेच घालू नका. फोंड्याला माझं गॅरेज आहे, ही 1248 सीसीची इंजिनं रोजच्या हातातली.

आधी डिपस्टिक काढून बघा. टायमिंग चेन म्हणजे पिस्टन फिरवतात तो क्रॅंक आणि व्हॉल्व्ह उघडतो तो कॅम, या दोघांना मेळात फिरवणारी साखळी. तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, आणि ते परत वर चढेपर्यंत चेन सैल राहते. ऑइल कमी असेल, कोणी 5डब्ल्यू-30 च्या जागी जाड ऑइल ओतलं असेल किंवा फिल्टर हलक्या दर्जाचा असेल, तर चांगली चेनसुद्धा दोन सेकंद वाजते. आपल्याकडे खरा घोळ वेगळाच असतो. घर, बाजार, देऊळ, परत घर. इंजिन नीट गरम होतच नाही, ऑइलमध्ये काजळी साठते, आणि मालक म्हणतो, "मेस्ता, दहा हजार कुठे झाले अजून?" अहो, दहा हजार झाले नसतील, पण दोन पावसाळे गेले ना! त्या काजळीनेच चेन झिजते. आपण 'चेन ताणली' म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीतली पिन नि बूश केसभर झिजतात, आणि सगळ्या कड्यांची मिळून लांबी वाढते.

तेव्हा पहिल्यांदा ऑइल-फिल्टर बदला. जुना फिल्टर फेकू नका, कागद कापून उलगडा. चमचमणारा लोखंडाचा चुरा दिसला तर चेन झिजतेय, प्लॅस्टिकचे तुकडे दिसले तर गाईड, म्हणजे चेनला आधार देणाऱ्या पट्ट्या, झिजतायत. मग आठवडाभर सकाळी कान द्या. खळखळ गेली तर सुटलात.

गेली नाही तर वीस मिनिटं गाडी फिरवून आणा, बॉनेट उघडा आणि आयडलवर ऐका. गरम ऑइल पातळ असतं, झिजलेली चेन तेव्हाही बोलते, विशेषतः दीड हजार आरपीएमपर्यंत नेऊन पाय सोडला की. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, टोक टायमिंग कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडाला. कव्हर अल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला असतं. शर्टाची बाही आणि मफलर पट्ट्यापासून लांब ठेवा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

इथेच मी एकदा तोंडावर पडलोय. एका गाडीची चेन आवाजावरूनच 'गेली' ठरवली, कव्हर खोललं, पूर्ण किट टाकलं. दुसऱ्या दिवशी तोच आवाज. अल्टरनेटरची पुली खिळखिळी झालेली! मजुरी माझ्या खिशातून. तेव्हापासून आधी बाहेरचा पट्टा काढतो आणि इंजिन अर्धा मिनिट चालवतो, त्याहून जास्त नाही, कारण वॉटर पंप त्याच पट्ट्यावर आहे. आवाज गेला तर दोष बाहेर.

मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. क्रॅंक आणि कॅम यांचा मेळ बसत नसल्याचा पी 0016 कोड आला तर संशय बळावतो. मात्र सेन्सर किंवा वायरिंगमुळेही तो येतो, आणि कोड नाही म्हणून चेन ठणठणीत असंही नाही. स्टार्टला जास्त वेळ घेणं, पिकअप मंदावणं ही लक्षणं जोडीला असली तर मी पुढे जातो.

पुढे म्हणजे लॉकिंग पिना. फ्लायव्हीलला (क्रॅंकच्या टोकाच्या जड चाकाला) पिन लावून क्रॅंक जागेवर अडकवायचा, आणि कॅमची पिन तिच्या भोकात हाताने जाते का बघायचं. सहज गेली तर टायमिंग जागेवर आहे. अडखळली, कॅम किंचित फिरवल्याशिवाय जाईना, तर चेन लांबली. तुमच्या मेस्ताला एवढंच विचारा, 'पिना लावून बघितलंस?' नाही म्हणाला तर दुसरा मेस्त शोधा.

चेन बदलायचीच ठरली तर चेन, टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सगळं एकदम घाला. नुसती चेन झिजलेल्या दातांवर चढवली की पैसे पाण्यात. या कामात इंजिनाखालचं ऑइलचं भांडं (संप) उतरवावं लागतंच, तेव्हा ऑइलच्या जाळीत (स्ट्रेनरमध्ये) गाईडचे तुकडे अडकलेत का ते स्वतः उभे राहून बघा.

आणि गरम इंजिनातही खळखळ असेल किंवा पिन बसत नसेल, तर गाडी चालवूच नका. चेन एक दात जरी सरकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. बरेचदा आधी व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात आणि इंजिनाचं हेड वाचतं, पण त्या भरवशावर घाट चढू नये. बेळगावला कदंबाची, म्हणजे गोवा सरकारची, बस जाते.