पहिली रात्र आधी लिहून काढ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला टोकियोचा तक्ता काल रात्री दोनदा वाचला. सात दिवस, सकाळी आठ ते रात्री दहा, प्रत्येक तासाला वेगळा रंग. शिबुयाच्या चौकाला चाळीस मिनिटं, सेन्सोजी मंदिराला दीड तास, जेवणाला पंचवीस मिनिटं. आणि पहिल्या दिवसाच्या रकान्यात काय, तर "संध्याकाळी ७:४० ला टोकियो, नंतर हॉटेल." बस्स. खाली विचारलं आहेस, "एवढं सगळं ठरवलं तरी पोटात गोळा का येतो?" अगं, त्या एका ओळीत जे दडलं आहे तेच तू ठरवलेलं नाहीस, म्हणून येतो.

एकटीने जावं की नाही, आईबाबा काय म्हणतात, यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. जायचं ठरलं आहे, जाशील. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: विमान टेकल्यापासून खोलीचं दार आतून लावेपर्यंतचा प्रवास कागदावर उतरव. अगदी बारीकसारीक. बाकीचे दिवस सैल सोडलेस तरी चालेल.

परदेशात जे बिघडतं ते सगळं पहिल्या चार तासांत एकदम बिघडतं. फोनला नेट नाही, कार्ड नाकारलं जातंय, झोप झालेली नाही, हातात वीस किलोची बॅग आणि समोरची पाटी वाचता येत नाही. यातली एखादीच अडचण दुसऱ्या दिवशी दुपारी आली तर दहा मिनिटांत सुटते. रात्री दहा वाजता सगळ्या मिळून आल्या की हुशार माणूसही स्टेशनच्या पायरीवर बसून रडतो. सिंहस्थात रामकुंडावर निघताना घरची माणसं आधी ठरवतात, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं; स्नानाचं नंतर बघतात. तसंच हे.

सुरुवात तिकिटापासून. टोकियोला दोन विमानतळ आहेत, आणि तू कुठला ते लिहिलेलंच नाहीस! हानेडा शहरातच आहे. मोनोरेल किंवा केइक्यू लाइनने तासाभराच्या आत मुक्कामी पोचतेस. नारिता मध्य शहरापासून साठेक किलोमीटर लांब. तिथे ७:४० ला उतरलीस, इमिग्रेशन, बोटांचे ठसे, बॅग, कस्टम्स यात सव्वा-दीड तास गेला, तर बाहेर पडेपर्यंत नऊ-सव्वानऊ. अकरानंतर तिथून शहराकडे जायला गाड्या जवळपास उरत नाहीत, आणि शहरातल्याही मध्यरात्रीनंतर बंद होतात त्या थेट पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. विमानाला दोन तास उशीर झाला की टॅक्सी, म्हणजे वीस हजार येनांच्या वर. तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच संपले. म्हणून सकाळी किंवा दुपारी उतरणारं विमान घे, चार पैसे जास्त गेले तरी. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

व्हिसाच्या फाइलला दिवसवार कार्यक्रम लागतोच, तिथे तुझा तक्ता कामी येईल. दिवसाला एक ओळ पुरते. पर्यटनाचा व्हिसा आता ई-व्हिसा येतो, पासपोर्टात चिकटवलेलं काही नसतं. तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून, त्यांच्या साइटवर उघडूनच दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट यातलं काही चालत नाही. म्हणजे नारिताला पहिल्याच खिडकीपाशी फोनवर नेट हवं. जपानचं ई-सिम नाशिकमध्ये घरी वायफायवर बसून टाक आणि तिथे पोचल्यावर फक्त चालू कर. व्हिजिट जपान वेब नावाची सरकारी साइट आहे, तिच्यावर हॉटेलचा पत्ता भरून क्यूआर कोड तयार ठेव.

आपलं भारतातलं सिम मात्र फोनमधून काढायचं नाही. बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. निघण्याआधी त्याचं रोमिंग चालू करून घे, निदान एसएमएस येण्यापुरतं. कार्डाचंही तसंच: आपली कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतात, परदेशातला वापर बँकेच्या अॅपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन ही तिन्ही बटणं वेगळी असतात. लोक एक चालू करतात आणि दुसऱ्यावर अडकतात. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. पंधरा-वीस हजार येन रोख नाशिकहूनच घेऊन जा. तिथे कमी पडले तर सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात. रुपयांत की येनमध्ये असं कुठे विचारलं तर येन म्हण, रुपयांचा दर महाग पडतो.

आता गाडी. नारिताला उतरणार असशील तर उएनो भागात राहा. तुझ्या तक्त्यात शिंजुकू आहे. त्या स्टेशनला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत, थकलेल्या माणसाने पहिल्या रात्री तिथे शिरू नये. स्कायलायनर गाडी निप्पोरीला पस्तीस-चाळीस मिनिटांत नेते, पुढचं आणि शेवटचं स्टेशन केइसेइ उएनो. तिला राखीव आसनाचं तिकीट लागतं. नुसतं सुइका (आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) टेकवून चढायचं नाही. सुइका शहरातल्या गाड्यांसाठी, बससाठी, दुकानात पाण्याच्या बाटलीसाठी. भारतातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते बहुधा चालत नाही, म्हणून विमानतळाच्या स्टेशनवर वेलकम सुइका हे प्लास्टिकचं कार्ड घे. २८ दिवस चालतं, उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे थोडेच भर. भरायच्या यंत्रात बहुतेक ठिकाणी रोख नोटाच लागतात. वर रोख न्यायला सांगितली ती यासाठीही.

आणि स्टेशनचं नाव लिहून भागत नाही, दरवाजाचा क्रमांक लिही. मेट्रो स्टेशनांना ए-२, ए-५ असे दरवाजे असतात आणि लिफ्ट त्यातल्या एखाद्यालाच असते. चुकीच्या दरवाजाने निघालीस तर बॅग उचलून तीन जिने चढायचे, वर आल्यावर कळतं आपण सहापदरी रस्त्याच्या पलीकडे आहोत. नकाशात लिफ्टचा दरवाजा शोध, तिथून हॉटेलपर्यंत रस्त्याच्या चित्रात बोट फिरवत जा: कोपऱ्यावर कुठलं दुकान, कितव्या गल्लीत वळायचं. अर्धा तास लागेल. लागू दे. हॉटेलचं नाव आणि पत्ता जपानी लिपीत कागदावर हवा, कारण फोन मरतो तेव्हा पोलीस चौकीत तोच कागद दाखवायचा असतो. या चौक्यांना कोबान म्हणतात. त्या जागोजागी आहेत आणि पत्ता सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम आहे.

हॉटेलला मेल करून विचार, रिसेप्शन किती वाजता बंद होतं. लहान गेस्टहाऊसमध्ये रात्री दहानंतर माणूसच नसतो, दाराचा कोड आधी मागवावा लागतो. खोली साधारण दुपारी तीनला मिळते, बॅग मात्र आधीही ठेवून घेतात. सकाळी उतरलीस तर बॅग ठेव आणि केइसेइ उएनोच्या बाहेरच शिनोबाझु तळं आहे तिकडे जा. तळ्याच्या मधोमध बेंझाइतेनचं देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. पहिल्या दिवशी एवढंच बघ. घड्याळ साडेतीन तास पुढे गेलेलं असतं, अंगावर ऊन घे, तीनला खोलीत जा.

तुला वाटेल मावशी फार करते. वाटू दे. माझ्या पिढीला हे कुणी लिहून दिलं नाही, ही खंत मला आजही आहे. ग्रुप टूरवाले झेंडा धरून पुढे चालतात तेव्हा ते तुझ्यासाठी नेमकं हेच पहिल्या रात्रीचं काम करतात, आणि त्याच्या बदल्यात उरलेले सगळे दिवस आपल्या ताब्यात घेतात. ते काम स्वतः केलंस की उरलेले दिवस तुझे. यात घाबरण्यासारखं काय आहे? मी हट्टी आहे, आणि या बाबतीत हट्ट सोडणार नाही.

घरून निघण्याचंही त्याच कागदावर लिही. नाशिकहून मुंबई विमानतळ गाडीने चार तासांत होतो म्हणून चारच धरू नकोस, सात धर. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्याला उतरल्यावर भिवंडीची कोंडी जिथल्या तिथे. विमान रात्रीचं असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतर, तिथून टॅक्सी. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत ठेवली तर काढून घेतात. प्लग तिकडे दोन चपट्या पिनांचा असतो, वीज १०० व्होल्ट. आपल्या चार्जरवर १००-२४० छापलं असेल तर नुसता पिनेचा अडॅप्टर पुरे.

औषधांकडे नीट बघ. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. १० टक्क्यांहून जास्त असेल तर आधी परवानगी घेतल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. कोडीनवालं खोकल्याचं औषधही नको. घरच्या डब्यातून मूठभर गोळ्या उचलून पिशवीत कोंबू नकोस, प्रत्येक पाकिटावरची नावं वाच.

तू शाकाहारी, म्हणून एवढं आणखी. तिथलं वरून भाज्यांचं दिसणारं सूप, नूडल्सचा रस्सा, मिसो सूप, या सगळ्यांच्या मुळाशी दाशी नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या माशाचा. "मांस नको" म्हटल्यावर तो वगळला जात नाही. "दाशी नको, मासा नको" असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेव. पहिल्या रात्री मात्र शोधाशोध नकोच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा घेऊन जा. कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या नेऊ नकोस, कस्टम्समध्ये अडवतात. पोट भरलेलं असलं की घाई नाही; उएनोजवळ ओकाचिमाचीत भारतीय जेवणाची ठिकाणं आहेत, ती दुसऱ्या दिवशी सापडतील.

तक्त्यातले बाकीचे रंग मी तपासले नाहीत, तपासणारही नाही. फक्त उएनोचं नॅशनल म्युझियम सोमवारी बंद असतं आणि तू ते सोमवारीच टाकलं आहेस, तेवढं हलव. तिकीट काढण्याआधी उतरायची वेळ आणि विमानतळाचं नाव मला कळव. तो कागदही पाठव. लिफ्टच्या दरवाजाचा क्रमांक त्यात नसेल तर मी परत पाठवीन.

तुझी,
मावशी