‘क्रेझी’चे भाषांतर करताना
गोव्यात भाषांतराचे काम आपण नव्यानेच हाती घेतले आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: इंग्रजीत मन बिघडल्याचे सांगणारे कित्येक शब्द मुळात वस्तू मोडल्याचे किंवा ढळल्याचे शब्द आहेत. ‘क्रेझी’चा जुना अर्थ तडा गेलेला असा होता, आणि चिनी मातीच्या बशीच्या झिलईवर जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्यांना आजही ‘क्रेझिंग’च म्हणतात. ‘अनहिंज्ड’ म्हणजे बिजागरीतून निखळलेले दार. सहज कलंडणाऱ्या जहाजाला ‘क्रँक’ म्हणत; बेतीच्या धक्क्याजवळ ओझे एकीकडे सरकून कललेली होडी आपण पाहिली असेल, तर तो शब्द लगेच उमजेल. ‘अनस्टेबल’ मात्र फार जपून हाताळावा लागतो: शिडी डळमळते, जुनी खुर्ची खिळखिळी होते, रुग्णाची प्रकृती अस्थिर असते, आणि माणसाच्या मनाविषयी बोलायचे तर ‘तोल ढळला’ हेच मराठीला शोभते. बांबोळीच्या मनोरुग्णालयात येणाऱ्या कुटुंबांसाठी पत्रक लिहायचे असेल, तर ‘वेडा’ आणि ‘भ्रमिष्ट’ हे शब्द कटाक्षाने टाळा. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या भारतीय कायद्यातला ‘ल्युनॅटिक’ (वेडा) हा शब्द १९८७ च्या कायद्याने मागे टाकला, आणि २०१७ चा कायदाही ‘मानसिक आजार’ असेच म्हणतो.