‘टिकाऊ’ला इंग्रजीत काय म्हणायचं? आधी ठरवा, कशापुढे टिकाऊ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बचत गटाच्या मालाला इंग्रजी लेबलं लावायची आहेत. कापडी पिशव्या, रंगीत सुती साड्या, कैरीचं लोणचं आणि उदबत्ती. मराठी लेबलांवर चारही ठिकाणी ‘टिकाऊ’ होतं, तर इंग्रजीत सगळीकडे ‘ड्युरेबल’ चालेल का?

नाही चालणार. आपल्याकडे पिशवीही टिकाऊ, लोणचंही टिकाऊ, रंगही टिकाऊ. इंग्रजीत मात्र वस्तू कशापुढे टिकते ते पाहून शब्द बदलतो: झिजेपुढे, नासण्यापुढे, धुण्यापुढे की नुसत्या काळापुढे.

पिशवीला ‘ड्युरेबल’ बरोबर बसतो. लॅटिन ‘दुरारे’वरून तो आला आहे आणि त्या क्रियापदात कठीण होणं आणि टिकणं असे दोन्ही अर्थ आहेत. ओझं, ओढाताण, आपटणं सोसणाऱ्या वस्तूंना तो लावतात. कापड, चपला, सतरंजी यांना ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘हार्ड-वेअरिंग’ म्हणतात. ‘स्टर्डी’ म्हणजे भक्कम. तो आजचं बळ सांगतो, वर्षं नाही. विशेषणासोबत कारणही द्या: ‘डबल-स्टिच्ड हँडल्स’ या दोन शब्दांनी गिऱ्हाइकाला ‘ड्युरेबल’पेक्षा जास्त कळतं.

लोणच्याला ‘ड्युरेबल’ लावलं तर फोडी दाताला लागतील असं वाटेल, आणि ‘पर्मनंट’ तर पूर्ण चुकीचं. खाण्याच्या पदार्थासाठी इंग्रजीत साधं क्रियापद आहे, ‘कीप’. ‘कीप्स फॉर ट्वेल्व्ह मन्थ्स’ हे घरगुती आणि अचूक वाक्य. महिने अर्थात तुमच्या लोणच्याचे खरे असतील तेच घाला. घाऊक दुकानदाराशी बोलताना ‘लाँग शेल्फ लाइफ’. ‘नॉन-पेरिशेबल’ हा तांदूळ, डाळ, डबाबंद माल यांचा शब्द. ‘शेल्फ-स्टेबल’ मात्र जपून वापरा. न उघडलेली बाटली फ्रिजबाहेर सुरक्षित राहते, असा दावा त्यात असतो. मीठ कमी असेल किंवा फोडींवर तेलाचा थर नसेल तर तो दावा अंगाशी येईल. ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘एक्स्पायरी’ यांचीही अदलाबदल करू नका: पहिली तारीख चव-दर्जाची, दुसरीनंतर पदार्थ खायचाच नाही.

साडीच्या पक्क्या रंगाला ‘कलरफास्ट’ म्हणतात. इथला ‘फास्ट’ वेगाचा नव्हे. घट्ट, पक्का हा त्याचा जुना अर्थ आहे, ‘स्टेडफास्ट’मध्ये तोच दिसतो. पण रंग धुण्यात पक्का असला तरी उन्हात विटू शकतो किंवा घासल्यावर उतरू शकतो. म्हणून कापडाच्या व्यवहारात ‘कलरफास्ट टु वॉशिंग’, ‘टु लाइट’, ‘टु रबिंग’ असं वेगवेगळं सांगतात. पांढरं ओलं फडकं साडीवर दाबून घासा. फडक्याला रंग लागला तर ‘कलरफास्ट’ न लिहिता ‘वॉश सेपरेटली’ लिहा. याच्या शेजारचा शब्द ‘इन्डेलिबल’, म्हणजे पुसता न येणारा. मतदानाची शाई हे त्याचं उत्तम उदाहरण: तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवर डाग पाडतं, साबणाने तो जात नाही, पण वरची त्वचा आणि नख बदलत गेलं की काही आठवड्यांत नाहीसा होतो. म्हणजे ‘इन्डेलिबल’मध्ये कायमचं राहण्याची हमी नाही.

उदबत्तीचा वास ‘लाँग-लास्टिंग’. वास, चव, परिणाम, चार्जिंग अशा हळूहळू सरणाऱ्या गोष्टींना हा शब्द. फोनवरून फरक पटकन कळेल: ‘ड्युरेबल’ फोन पडला तरी फुटत नाही, ‘लाँग-लास्टिंग’ बॅटरी दिवसभर पुरते.

लेबलांपलीकडे तीन शब्द मराठी माणसाला हमखास चकवतात, म्हणून तेही सांगतो.

‘पेरेनियल’ लॅटिनमधल्या ‘वर्षभर’ अशा अर्थाच्या जोडशब्दातून आला. नदीला लावला की तो नेमका आपला ‘बारमाही’. झाडाला लावला की ‘बहुवार्षिक’, म्हणजे दोनपेक्षा जास्त वर्षं जगणारं. वर्षभर फुलणारं नव्हे. हळद आपण दरवर्षी काढतो, तरी वनस्पतिशास्त्रात ती ‘पेरेनियल’च. रोपं विकणाऱ्यांनी हे नीट सांगायला हवं, नाहीतर गिऱ्हाईक बारा महिने फुलांची वाट पाहत बसतं.

‘क्रॉनिक’ म्हणजे जुनाट. तीव्र नव्हे, तीव्र आणि अचानक आलेल्या दुखण्याला ‘अक्यूट’. हा शब्द नकोशा गोष्टींनाच लागतो: खोकला, पाणीटंचाई, कर्जबाजारीपणा. जुन्या मैत्रीला ‘लाइफलाँग’ किंवा ‘लाँग-स्टँडिंग’ म्हणा. रखडलेल्या मागणीला आणि वादालाही ‘लाँग-स्टँडिंग’ चालतो.

आणि ‘शाश्वत’. शाश्वत सत्याला ‘इटर्नल’, पण शाश्वत शेतीला ‘सस्टेनेबल’. मराठीत एकच शब्द दोन्ही कामं करतो, म्हणून भाषांतरात ‘इटर्नल फार्मिंग’सारखे घोटाळे होतात. पिशवीवर ‘सस्टेनेबल’ छापणार असाल तर कापूस कुठला आणि रंग कशाचा ते खाली एका ओळीत द्या. घाऊक खरेदीदार पहिल्याच भेटीत ते विचारू शकतो.