माझं कृपादान कोणतं हे कसं ओळखायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मंडळीतले (चर्चमधले) बाकीचे तरुण अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषांत, प्रार्थना करतात, तुम्हाला ते येत नाही, आपलं कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याने मंडळीच्या सेवेसाठी दिलेली देणगी, ओळखायची ऑनलाइन टेस्ट दिली तर त्यात 'साहाय्य करणे' आलं, आणि तेव्हापासून वाटतंय की पवित्र आत्म्याने आपल्याला उरलंसुरलं दिलं. वाचून जीव तुटला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी बायबलमधलं १ करिंथ १२:२८ काढा, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली कृपादानांची यादी. साहाय्य करणारे तिथे रोग बरे करण्याच्या कृपादानानंतर लगेच येतात. त्यांच्यानंतर व्यवस्था पाहणारे, त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द जहाजाचं सुकाणू धरण्याचा आहे, आणि करिंथ तर बंदराचं गाव. अन्य भाषा यादीत शेवटी. मी भाषांना कमी लेखत नाहीये, पौल स्वतः बोलायचा, पण 'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' हेही त्यानेच विचारलंय, आणि १४व्या अध्यायात नियम घालून दिलाय की दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, एकामागून एक, अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प बसावं. त्या मंडळीत कृपादानांची कमतरता नव्हती, तरी प्रभुभोजनाला काहीजण पोटभर खायचे नि गरीब उपाशी राहायचे. प्रीतीचा १३वा अध्याय त्यांच्यासाठी लिहिलाय, आपण तो लग्नात वाचून मोकळे होतो.

आमच्याकडे एक मावशी आहेत, कायम मागच्या बाकावर. माझे मिस्टर गेले तेव्हा पहिले पंधरा दिवस घर भरलेलं होतं, वचनं सांगणारे, मोठमोठ्याने प्रार्थना करणारे. पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी या मावशी डब्यात मऊ खिचडी घेऊन आल्या, काही न बोलता ओट्यावरची भांडी घासली, मला समोर बसून खायला लावलं आणि निघताना हात धरून चार वाक्यांची प्रार्थना केली. मी परत उपासनेला जायला लागले ती त्या संध्याकाळनंतर. कृपादान विचारलंत तर म्हणतील, 'मला कुठलं बाई!'

केडगावच्या मुक्ती मिशनमधली १९०५ची आत्मिक जागृती आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्याच मुक्तीत पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठी बायबल केलं, तिथल्याच बायकामुलींनी छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवून ते छापलं, रमाबाई १९२२ला गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ला निघालं. खिळे जुळवणाऱ्या त्या बोटांतही मला तोच आत्मा दिसतो.

तर टेस्ट बाजूला ठेवा, तिच्यात आपण स्वतःबद्दल जे मानतो तेच परत येतं. मंडळीत अडलेलं एक काम घ्या, म्हाताऱ्यांना उपासनेला आणणं असेल नाहीतर संडे स्कूल, तीन महिने नेमाने करा आणि मग पाळकसाहेबांना आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना सरळ विचारा की तुम्हाला याने काही मिळालं का. नाही म्हणाले तर दुसरं काम घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि कोणी 'प्रभूने मला तुझ्याबद्दल अमुक दाखवलंय' म्हणालं तर घाबरून लगेच मान डोलवू नका, संदेशाची पारख इतरांनी करावी हे १४:२९ मध्येच आहे.

या रविवारी उपासना सुटल्यावर दहा मिनिटं थांबा, एकटं कोण उभं आहे बघा, आणि मला कळवा.