तीनदा हवा काढली, तरी पेडल मऊच

प्रश्न : मेस्त्री, आमची व्हॅन सोळा वर्षांची. पुढच्या दोन्ही कॅलिपरना (चाकाची डिस्क आवळून धरणाऱ्या ब्रेकच्या भागांना) गंज चढला होता, म्हणून भावाने ते सोडवले, घासून रंगवले आणि परत बसवले. तेव्हापासून ब्रेकचं पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा मारल्यावर वर येतं. ब्रेकच्या तेलातली हवा तीनदा काढून झाली. चवथीनंतर चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. काय चुकत असेल?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी पुढची चाकं काढा आणि हवा काढायचं निप्पल कॅलिपरवर कुठे आहे ते बघा. ते वरच्या अंगाला हवं. खाली दिसलं तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. हवा वर चढते. निप्पल खाली असलं की तेल वाहून जातं आणि बुडबुडा वर तसाच राहतो, कितीही बाटल्या ओता. फोंड्याला शिकाऊ होतो तेव्हा एका टॅक्सीवर माझी अख्खी दुपार अशी गेली. त्या दिवसापासून एक बाजू पूर्ण बसवल्याशिवाय मी दुसऱ्या बाजूला पाना लावत नाही. अदलाबदल करावी लागली तर होजच्या (ब्रेकच्या तेलाच्या रबरी नळीच्या) बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घाला.

निप्पल वरच असेल तर पायाचा आणि पान्याचा मेळ बसलेला नाही. भाऊ पेडलवर, तुम्ही चाकाशी. निप्पलवर पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडलेलं हवं. भावाने सावकाश दाबायचं, ‘दाबलं’ म्हणायचं आणि दाबूनच ठेवायचं. तुम्ही निप्पल पाव फेरा सोडा, तेल येऊ द्या, आवळा, मग म्हणा ‘सोड’. निप्पल उघडं असताना पाय वर आला की हवा परत आत शिरते. तीनदा काढूनही राहिली ती बहुधा अशीच. भराभर पंप करू नका, त्याने बुडबुड्यांचा फेस होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत पेडल तळाला गेलं तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या नळकांड्याचे) रबर एरवी न पोचणाऱ्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतात. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल खालच्या रेषेच्या वर राहिलंच पाहिजे, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

उघडलेले फक्त पुढचे आहेत, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. सांडलेल्या तेलावर लगेच पाणी ओता, नाहीतर नवा रंग सोलून निघेल.

नळीतून बाटलीत आलेलं तेल परत टाकीत ओतू नका. गेल्या पावसाळ्यापासून उघडी पडलेली बाटलीही नको. हे तेल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या पावसात ओलाव्याला तोटा नाही. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलं झालं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. तेल उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. जाताना चढ आहे. बेळगावहून साखळीकडे उतरताना ब्रेक तापतील, तेव्हा खालच्या गिअरमध्येच उतरा.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा आणि मिनिटभर जोराने दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर ती हवा नव्हे. कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. तसं असेल तर गाडी अंगणातच राहू द्या आणि मेस्त्रीला घरी बोलवा.