जीए फवारल्यावर घडाचा देठ लांबतो, तो कसा?

प्रश्न : फुलोऱ्यापूर्वी जीए फवारले की थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या घडाचा देठ लांबतो आणि पाकळ्या (घडाचे बाजूचे फाटे) मोकळ्या होतात. अशा देठात नव्या पेशी तयार होतात, की असलेल्याच ताणल्या जातात? ताणल्या जात असतील, तर कडक पेशीभित्ती फाटत कशी नाही?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : दोन्ही गोष्टी घडतात, परंतु लांबी वाढण्यात पेशी ताणल्या जाण्याचा वाटा मोठा असतो. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, जिबरेलिन गटातील वाढीचे संप्रेरक. भाताची रोपे अवाजवी उंच वाढवणाऱ्या बुरशीच्या स्रावातच ही करामत आहे, हे कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवले. पेशीत ‘डेला’ नावाची प्रथिने वाढ रोखून धरतात. जिबरेलिन पोहोचले की ती नष्ट केली जातात आणि पेशीविभाजनाची व भित्ती सैल करणारी जनुके कामाला लागतात.

भित्ती का फाटत नाही, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. तिच्यात सेल्युलोजचे चिवट तंतू, त्यांना धरून ठेवणारी हेमिसेल्युलोजे आणि भोवती पेक्टिन असते. ऑक्सिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पेशीपटलातील पंप हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, भित्ती आम्लधर्मी होते आणि तेथील एक्स्पान्सिन प्रथिने जागी होतात. काकडीच्या कोवळ्या रोपांत १९९२ मध्ये ओळखली गेलेली ही प्रथिने एकही तंतू न तोडता तंतूंमधील पकड तेवढी ढिली करतात, आणि मग पेशीतील पाण्याचा दाब भित्तीला ताणत नेतो. त्याच वेळी पेशी नवे सेल्युलोज विणून भर घालत असल्यामुळे भित्ती विरत नाही. पिंपाला बसवलेल्या कड्यांप्रमाणे हे तंतू पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात, म्हणून पेशी फुगण्याऐवजी लांब होते.

देठ जून झाला की भित्तीत लिग्निन हा लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ साचतो आणि ती पुन्हा सैल होत नाही. त्यामुळे देठ लांबवण्यासाठीची फवारणी फुलोऱ्यापूर्वीच करावी लागते. मणी धरल्यानंतरचे जीए मुख्यतः मण्यांचा आकार वाढवते. भित्ती ताणणारा दाब पाण्याचाच असल्यामुळे, वेलीला पाण्याचा ताण बसलेला असताना केलेल्या फवारणीकडून पुरेशी लांबी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.